पाठमोरे प्रवासी

यात्रेहून परतलेल्या एका कुटुंबाने गेल्या महिन्यात मला चहाला बोलावले. इस्लामपूरला आपली कॅथॉलिक घरे थोडी. एक घर रोमला जाऊन आले की साऱ्याच घरांना यात्रा घडल्यासारखे वाटते. मोबाईलवरील छायाचित्रे एकामागून एक सरकू लागली. संत पेत्राचे महामंदिर आणि त्यापुढे आईवडील, तेच महामंदिर आणि त्यापुढे मुले, मग सर्वजण. तासाभरात ते चेहरे मी शंभरदा पाहिले. रोम मात्र सतत कुणाच्या तरी खांद्यामागे राहिले. मी सहज विचारले, “त्या चौकाभोवती खांबांच्या रांगा किती?” कुणालाच सांगता येईना. रांगा चार, खांब 284. बर्निनीने त्यांचे दोन बाहू केले आणि येणाऱ्याला जणू कवेत घेतले. ही मंडळी त्या कवेतून चालत गेली होती, पण पाठमोरी.

त्या सज्जन कुटुंबाची थट्टा करण्यासाठी मी हे लिहीत नाही. हा दोष आपणा सर्वांचा आहे, आणि माझा त्यातील वाटा मी पुढे सांगणारच आहे. माझे म्हणणे एवढेच, की छायाचित्र ही साक्ष आहे. आपण तिची पावती करून टाकली आहे. साक्षीदार स्वतःविषयी बोलत नसतो, पाहिलेल्या गोष्टीविषयी बोलतो. पावती मात्र ‘मी येथे आलो होतो’ एवढेच सांगते.

कॅमेऱ्याचा जन्म पावत्या फाडण्यासाठी झाला नव्हता. ही कला 1839 मध्ये पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि 1854 मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्थाही उभी राहिली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातील नामवंत छायाचित्रकार. तेव्हा एका चित्रासाठी अवजड पेटी, तिवई आणि रसायने वाहून न्यावी लागत. एवढे कष्ट करणारा माणूस आधी पाहत असे आणि मग टिपत असे. आज आपण आधी टिपतो, आणि पाहणे नंतरसाठी राखून ठेवतो. ते ‘नंतर’ येतच नाही.

रोम दूरचे म्हणून सोडून द्या. इस्लामपूरहून पेठ नाक्यावर महामार्ग धरला की तीन तासांच्या आत आपण वाईजवळच्या मेणवलीला पोहोचतो. नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेवरचा घाट तेथे आहे. 2004 च्या ‘स्वदेस’ चित्रपटामुळे तो घाट सर्वतोमुखी झाला. लोक येतात, शाहरुख खान उभा होता त्या पायरीवर उभे राहून छायाचित्र काढून घेतात आणि निघतात. त्याच घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियामाता आणि 1707 हे साल आहे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, त्यानंतर तेथील चर्चच्या घंटा मराठी मुलखातील देवळांत गेल्या. ही त्यांपैकीच एक. वसईच्या भाविकांना प्रार्थनेला बोलावणारी घंटा आज शिवमंदिराशेजारी शांतपणे नांदते आहे. आपला एवढा मोठा इतिहास ओतलेल्या पंचधातूत समोर टांगला असताना आपलीच मंडळी तिच्याकडे पाठ करून हसतात, याला काय म्हणावे?

आता त्याहून जवळ या. बहे येथे कृष्णेच्या पात्रातील रामलिंग बेट आणि समर्थ रामदासांनी स्थापिलेला मारुती, मच्छिंद्रगड, गावातील संभूआप्पा आणि बुवाफन ही हिंदू-मुसलमानांनी मिळून जपलेली जोडनावे, उसाच्या फडांमागे धुरकटणारी गुऱ्हाळे, मातीचे धाबे असलेली जुनी घरे. आपल्यापैकी किती जणांनी हे टिपले आहे? शासनाने 2025 मध्ये गावाचे नाव ईश्वरपूर केले. जुन्या नावाच्या पाट्या उतरतात, वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहतात, आणि 2019 सारखा महापूर आला की कृष्णाकाठची मातीची घरे एका रात्रीत खचतात. रोज दिसणारे कायम राहणार, या भरवशावर आपण ते कधी पाहतच नाही.

आता माझा अपराध. वीसेक वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना तेथील जुने कौलारू चर्च पाडून नवे बांधण्याचे ठरले. त्या ठरावावर माझीही सही आहे. भिंतींना तडे गेले होते. पाडणे अटळ होते. पण पाडण्यापूर्वी त्या वास्तूचे एकही छायाचित्र घ्यावे असे कुणालाच, मलाही, सुचले नाही. नव्या चर्चच्या उद्घाटनासाठी मात्र आम्ही दहा रिळे संपवली. पुढे स्मरणिकेसाठी घरोघरचे अल्बम मागवले. लग्ने, बाप्तिस्मे, पहिला ख्रिस्तप्रसाद! वेदी प्रत्येक चित्रात होती आणि एकातही पुरती नव्हती. गायनवृंदाच्या लाकडी सज्जाचा हातभर कठडा तेवढा एका वऱ्हाडामागे सापडला. एक वृद्ध बाई म्हणाली, “फादर, तो कठडा माझ्या बापाने तासला होता. आता नातवाला काय दाखवू?” त्या प्रश्नाचे उत्तर मला आजवर देता आलेले नाही.

कुणी म्हणेल, श्रद्धा दगडविटांत नसते. खरे आहे. पण आजोबांच्या हातांचे कष्ट दगडविटांतच असतात, आणि आईबापांचा मान राखण्याची आज्ञा त्यांच्या हातांनाही लागू आहे. दुसरा म्हणेल, हल्ली सारे इंटरनेटवर मिळते. रोमचे मिळते, तुमच्या ओसरीचे मिळत नाही. पॅरिसचे नोत्र-दाम 2019 मध्ये आगीत होरपळले. अँड्र्यू टॅलन या अभ्यासकाने त्यापूर्वी लेसर किरणांनी त्या वास्तूची मापे घेऊन ठेवली होती. ती मापे आणि असंख्य छायाचित्रे जीर्णोद्धाराच्या कामी आली, आणि डिसेंबर 2024 मध्ये तिची दारे पुन्हा उघडली. जगप्रसिद्ध मंदिरालाही कुणीतरी प्रेमाने निरखणारा लागला. आपल्या लहानशा वास्तूला आपल्यावाचून कोण आहे?

म्हणून माझी मागणी साधी आहे. जुने चर्च, शाळा, घर यांवर घण पडण्यापूर्वी आतून-बाहेरून छायाचित्रे घेतल्यावाचून कोणत्याही धर्मग्रामाने काम सुरू करू नये. छायाचित्राबरोबर स्थळ, साल आणि बांधणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे. आणि यात्रेला गेल्यावर दहा छायाचित्रांत एक तरी असे असावे, ज्यात आपण कुणीही नाही.

डोळे असून तुम्हांला दिसत नाही काय, असे प्रभूने शिष्यांना विचारले होते. आपल्याला तर आता खिशातला तिसरा डोळाही मिळाला आहे. तो सदैव आपल्याच मुखाकडे वळवून ठेवायचा असेल, तर प्रवासाला निघण्याचे कारण काय? आरसा घरीही आहे.