पंचनाम्याच्या आधी

सह्याद्रीच्या उतारांवर वसलेल्या वाड्या दरडींखाली गाडल्या जाण्याचे प्रकार महाराष्ट्रात आता इतक्या ठरावीक अंतराने घडू लागले आहेत, की त्यांना 'अघटित' म्हणणे हा भाषेचा दुरुपयोग ठरेल. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण. २२ जुलै २०२१ रोजी पुन्हा महाड तालुक्यातच तळीये. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. माळीण येथे १५१ माणसे दगावली, तळीये येथे ऐंशीहून अधिक. इर्शाळवाडीत २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता म्हणून नोंदले गेले आणि चार दिवसांनी शोध थांबविण्यात आला. महिना प्रत्येक वेळी जुलैचाच. त्यानंतर जे घडते तेही ठरलेले असते. मंत्र्यांची भेट, सानुग्रह मदत, आदर्श पुनर्वसनाची घोषणा आणि धोकादायक गावांची नवी यादी करण्याचा आदेश, एवढे झाले की गणपती येतात आणि विषय मिटतो.

ही आपत्ती निसर्गाची की माणसाची, असा वाद आपल्याकडे मोठ्या हिरीरीने घातला जातो. आमच्या मते तो वाद अर्धवट माहितीवर चालतो. शालेय भूगोलात सह्याद्री हा काळ्या अग्निजन्य खडकाचा अभेद्य पर्वत म्हणून शिकविला जातो. त्या खडकाच्या अंगावर मुरूम, लाल माती आणि झिजून ठिसूळ झालेला दगड यांचे जाड पांघरूण असते, हे मात्र सांगितले जात नाही. पाऊस लागून राहिला म्हणजे पाणी या पांघरुणात मुरत मुरत खालच्या कठीण पाषाणापर्यंत पोहोचते. तेथे त्याला पुढे वाट मिळत नाही. माती फुगते, जड होते, कणाकणांमध्ये शिरलेल्या पाण्याचा दाब वाढतो, खडकाला धरून राहण्याची तिची शक्ती संपते आणि सगळा उतार एकदम निसटतो. पायथा खणून रस्ता काढला असेल, उतार सपाट करून त्यावर पाणी साठू दिले असेल, अथवा झाडांची मुळे नाहीशी झाली असतील, तर हे लवकर घडते. पण यांपैकी काहीही न करता ते घडणारच नाही, असे मात्र नाही.

हा मुद्दा आम्ही मुद्दाम मांडीत आहो. इर्शाळगडाच्या अंगावरील त्या ठाकरवाडीला मोटारीचा रस्ता नव्हता. तेथे खाण नव्हती, बंगले नव्हते, कोणी डोंगर पोखरला नव्हता. मदतकार्य करणाऱ्यांना रात्रीच्या पावसात चिखलाची चढण पायी चढून जावे लागले. म्हणजे डोंगराशी ज्यांनी कमीत कमी आगळीक केली, त्यांच्यावरच तो कोसळला. 'निसर्गाने सूड उगविला' हे पावसाळ्यात वारंवार कानी पडणारे वाक्य या घटनेपुढे निर्दय वाटते. निसर्ग सूड उगवीत नाही, आणि उगवीत असता तर त्याने तो ठाकरांवर खचित उगविला नसता. उतार निसटला तो निसर्गनियमाने. त्याखाली माणसे झोपलेली होती ती मात्र आपल्या व्यवस्थेमुळे. ती वाडी धोकादायक गावांच्या यादीतच नव्हती, असे सरकारने त्या वेळी विधिमंडळात सांगितले. ते समर्थन म्हणून सांगितले गेले, हे अधिक चिंताजनक होय. यादीत नाव नसणे हा डोंगराचा दोष खास नव्हे.

आणि यादीत नाव असते तर काय झाले असते? महाड तालुक्याचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. २००५ साली या तालुक्याने चार गावांत प्रेते उकरली होती. तेथील डोंगर बेभरवशाचे आहेत हे सिद्ध करावयास त्याहून मोठा पुरावा कोणता हवा होता? तरीही सोळा वर्षांनी तळीये घडले. त्या जुलैत महाबळेश्वर येथे चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. आपल्याकडील काही दुष्काळी तालुक्यांत वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, जवळजवळ तेवढा पाऊस एका दिवसात! असे दिवस वाढत आहेत, हा केवळ वृद्धांचा अनुभव नव्हे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावरील अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. परंतु हवामानबदल हे अलीकडे अधिकाऱ्यांना सापडलेले नवे निमित्तही आहे. पाऊस वाढला म्हणून उतार अधिक धोक्यात आले, हे खरे असेल तर त्यांची पाहणी अधिक तातडीने व्हावयास हवी होती.

येथे पैशाचा हिशेब पाहणे उद्बोधक ठरेल. त्सुनामीनंतर, २००५ च्या डिसेंबरात, संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. आपत्ती ओढवल्यावर मदत करण्यासाठी एक निधी आणि ती ओढवू नये अथवा सौम्य व्हावी यासाठी दुसरा निधी, अशी तरतूद त्यात होती. पहिला निधी यथावकाश उभा राहिला. दुसरा, म्हणजे ज्याला सरकारी मराठीत 'सौम्यीकरण' असा जिभेस अडखळविणारा शब्द आहे तो, केंद्रात प्रत्यक्ष स्थापन व्हावयास २०२१ साल उजाडले. कायदा आणि निधी यांच्यामध्येही सोळा वर्षेच गेली, म्हणजे जुई आणि तळीये यांच्यामध्ये जेवढी गेली तेवढीच. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी राज्यांच्या आपत्ती निधीची जी वाटणी केली, तीत ८० टक्के रक्कम मदतकार्यासाठी आणि २० टक्के सौम्यीकरणासाठी ठेवली. पूर्वी काहीच नव्हते, त्या मानाने ही प्रगती खरी. पण मृताच्या वारसाला धनादेश देताना छायाचित्र निघते. न कोसळलेल्या दरडीचे छायाचित्र कोण काढणार?

हे काम अशक्य आहे, असे कोणी म्हणेल तर त्याने हाँगकाँगकडे पाहावे. १८ जून १९७२ रोजी त्या शहरात एकाच दिवशी दोन ठिकाणी दरडी कोसळून शंभराहून कितीतरी अधिक माणसे मेली. त्यांतील साऊ माऊ पिंग या ठिकाणी १९७६ साली पुन्हा दरड आली. तेथील सरकारही काही फार शहाणे होते असे नव्हे. तेही दुसऱ्या धक्क्यानंतरच जागे झाले. पण जागे झाले ते पुन्हा झोपले नाही. १९७७ साली केवळ उतारांची देखरेख करणारे स्वतंत्र खाते स्थापन झाले. डोंगर कापून वा भराव घालून केलेल्या प्रत्येक मोठ्या उताराची नोंद झाली, त्याला क्रमांक मिळाला, त्याच्या देखभालीची जबाबदारी कोणाची हे लिहून ठेवण्यात आले. आज असे सुमारे ६०,००० उतार तेथील दप्तरात आहेत. पाऊस ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की दरडीचा इशारा प्रसारित होतो. तेथे दरडी अजूनही पडतात, परंतु माणसे मरण्याचे प्रमाण अगदी अल्प झाले आहे. एका श्रीमंत शहराची तुलना आपल्या डोंगराळ तालुक्यांशी सर्वस्वी करता येणार नाही, हे आम्ही जाणतो. पण उताराला क्रमांक देण्यास आणि त्यापुढे जबाबदार अधिकाऱ्याचा हुद्दा लिहिण्यास श्रीमंती लागत नाही.

गरीब राज्याचे उदाहरण हवे असेल तर ओडिशाचे घ्यावे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ च्या फायलिन वादळापूर्वी सुमारे दहा लाख लोकांना हलविण्यात आले आणि मृतांची संख्या पन्नासाच्या आत राहिली. वादळ काही दिवस आधी कळते, दरड तशी कळत नाही, हा फरक आहेच. तरी दरड अगदी मुकाट्याने येते असेही नाही. जमिनीला भेगा पडतात, झाडे व खांब कलतात, झऱ्यांचे पाणी एकाएकी गढूळ होते, नसलेल्या जागी नवे झरे फुटतात, घराची दारे चौकटीत अडकू लागतात. या खुणा पुष्कळदा गावकऱ्यांना दिसतात. त्या कोणाला सांगावयाच्या आणि सांगितल्यावर रात्री मुलाबाळांसह कोठे जावयाचे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. माळीण नाहीसे झाल्याची वार्ता प्रथम बाहेर आणली ती एसटीच्या एका चालकाने, नेहमीच्या वाटेवर गाव दिसेना म्हणून. शासनाची यंत्रणा त्या दिवशी एका बसफेरीइतकीही सावध नव्हती.

खरा बिकट प्रश्न स्थलांतराचा आहे. 'त्यांना तेथून हलवा' असे शहरात बसून म्हणणे सोपे. त्यांची भातखाचरे वर, गुरे वर, देव वर, आणि खाली जी जमीन आहे ती वनखात्याची किंवा दुसऱ्याच्या मालकीची. शेतापासून तोडून दिलेल्या पक्क्या घराला लोक कुलूप लावतात आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा वर जातात. यात त्यांचा अडाणीपणा नाही, हिशेब आहे. शिवाय सरकारने निवडलेली जागा तरी भरवशाची असते काय? नव्या माळीणची घरे २०१७ च्या एप्रिलमध्ये मोठ्या समारंभाने देण्यात आली आणि त्याच जूनमधील जोराच्या पावसात तेथील रस्ते खचले, भराव सुटले. म्हणून पुनर्वसन हे दुर्घटनेपूर्वी, ग्रामसभेच्या संमतीने, शेतीपासून चालण्याच्या अंतरावर आणि भूवैज्ञानिकाने पाय ठेवून तपासलेल्या जागीच झाले पाहिजे. त्यासाठी वनजमीन लागली तर ती द्यावी. महामार्गांना आणि खाणींना जी वनजमीन मिळू शकते, ती चाळीस-पन्नास उंबऱ्यांच्या वाडीलाच का मिळू नये?

आता आमच्या वाचकवर्गाला थोडे अप्रिय वाटेल असे लिहिणे प्राप्त आहे. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पश्चिम घाटाविषयीचा आपला अहवाल २०११ साली दिला. त्यानंतर डॉ. कस्तुरीरंगन यांच्या कार्यगटाने २०१३ साली संरक्षित क्षेत्र कमी करून दुसरा दिला. त्यावर आधारलेल्या अधिसूचनेचा पहिला मसुदा २०१४ चा. सहावा ३१ जुलै २०२४ चा, म्हणजे वायनाडमध्ये दरड कोसळून अडीचशेहून अधिक माणसे मेली त्याच्या दुसऱ्या दिवशीचा! मसुद्यांची ही मालिका लांबली, तिचे खापर राज्य सरकारांवर फोडले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्या सरकारांवर दबाव कोणाचा होता? खाणवाल्यांचा होता, तसाच लोणावळा, मुळशी, पाचगणीच्या उतारांवर 'निसर्गाच्या सान्निध्यात' दुसरे घर घेणाऱ्यांच्या मागणीचाही होता. इर्शाळवाडीचा उतार कोणी कापला नव्हता. हे उतार मात्र रोज कापले जात आहेत. मुंबईतील घाटकोपर येथे २००० साली आणि चेंबूर येथे २०२१ साली ज्या झोपड्या चिरडल्या गेल्या, त्यांतील माणसे टेकडीच्या कुशीत हौसेने राहत नव्हती. सपाट जागेची किंमत त्यांच्या आवाक्याबाहेर होती, एवढेच.

कोलकाता येथे जुलै २०२४ मध्ये दरडींच्या पूर्वानुमानाचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले, त्याचे आम्ही स्वागत करतो. पण कोलकात्याचा इशारा रायगडच्या वाडीपर्यंत पोहोचावयाचा तर मधल्या पायऱ्या राज्यालाच बांधाव्या लागतील. येत्या पावसाळ्याआधी दोन गोष्टी करता येतील आणि त्यांना कोणत्याही समितीची गरज नाही. धोकादायक गावांची यादी मंत्रालयातून काढून त्या त्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लावावी, आणि यादीत नसलेल्या वाडीलाही भेगा दिसताच तपासणी मागण्याचा हक्क द्यावा. दुसरे असे, की अशा प्रत्येक वाडीत एक साधा पर्जन्यमापक बसवावा, तो पाहण्याचे काम वाडीतीलच एका तरुणास मानधन देऊन सोपवावे, आणि पावसाने कोणती रेघ ओलांडली असता खालच्या कोणत्या शाळेत रात्र काढावयाची, हे मे महिन्यातच ठरवावे. त्या शाळेची किल्ली कोणाजवळ असेल, तेही.