बेभरवशाचं कोण? घड्याळ की आपण?

"चावीच्या घड्याळाचा काय भरवसा?" असं हल्ली मोहल्ल्यातला कुणीही सहज विचारतो. अब्बांचं एचएमटी कपाटातून निघतं, दहा मिनिटं चालतं, थांबतं. लगेच निकाल लागतो : बाद.

मला हा निकाल मान्य नाही. ज्या घड्याळाला वीस वर्षांत तेलाचा थेंब मिळाला नाही, त्याला बेभरवशाचं म्हणणं म्हणजे उपाशी माणसाला आळशी म्हणणं.

हिशेब करू. एचएमटी 'जनता'चं बॅलन्स व्हील तासाला 18,000 ठोके देतं, म्हणजे दिवसाला 4,32,000. दिवसाच्या 86,400 सेकंदांत ते अर्धा मिनिट पुढेमागे झालं, तरी चूक हजारात अर्ध्या भागाहूनही कमी. क्वार्ट्झ याहून अचूक असतं, वाद नाही. पण अचूकपणा वेगळा आणि भरवसा वेगळा. स्वस्त क्वार्ट्झचं मशीन बिघडलं की बहुधा अख्खं बदलतात. चावीचं मशीन उघडून, धुऊन, तेल देऊन पुन्हा उभं करता येतं. जे दुरुस्त होतं, त्यावर मी भरवसा ठेवतो.

अट एकच, काळजी. आपण वुजूला बसतो, बाह्या वर करतो आणि घड्याळ मनगटावरच ठेवतो. दिवसातून पाच वेळा चावीच्या फटीतून पाणी आत गेलं तर गंज चढणारच. घड्याळ काढून खिशात ठेवायला किती वेळ लागतो? फजरनंतर रोज एकदा, हातातून काढूनच, चावी द्यावी. बोटांना अडल्यासारखं वाटलं की थांबावं, जोर करू नये. फोनच्या स्पीकरजवळ ठेवू नये. हेअरस्प्रिंगला चुंबकत्व आलं की तिचे वेढे चिकटतात आणि घड्याळ पळत सुटतं. चार-पाच वर्षांनी सर्व्हिसिंग. एवढंच!

दुसरा गुन्हेगार बाजार आहे. सिटिझनच्या सहकार्याने 1961 मध्ये बंगळूरला सुरू झालेलं हे काम 2016 मध्ये केंद्र सरकारने बंद करायचं ठरवलं. आता तीन मेलेल्या घड्याळांचे भाग जोडून, तबकडी नव्याने रंगवून 'जुना माल, नवा कोरा' म्हणून विकतात. ते महिन्यात बंद पडतं आणि बदनामी होते अस्सल घड्याळाची.

पण सर्वांत मोठा गुन्हा आपला. बाराव्या-तेराव्या शतकातल्या अल-जझारीच्या हत्ती-घड्याळाचं चित्र आपण अभिमानाने फॉरवर्ड करतो. "बघा, आपल्या लोकांनी काय काय बनवलं!" आणि त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या घड्याळजीशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. डोळ्याला भिंग लावून तो तासभर जे करतो, त्याला आपण 'किरकोळ काम' म्हणतो. आपल्या मुलाला ते शिकवायचा विचारही करत नाही. अल-जझारी हातांनी काम करणारा कारागीर होता, हे मात्र सोयीस्करपणे विसरतो. कारागिराला तुच्छ लेखणाऱ्या समाजाने त्याच्या नावाने फुशारकी मारू नये.

वडिलांची वस्तू अमानत असते, असं आपण म्हणतो. अमानत म्हणजे कपाटात बंद करून ठेवणं नव्हे, ती चालती ठेवणं. घड्याळजीचं दुकान अजून उघडं आहे तोवर अब्बांचं घड्याळ त्याच्याकडे न्या, आणि तो मागेल ती मजुरी न कुरकुरता द्या. ते दुकान बंद झालं, की मग घड्याळ खरोखरच बेभरवशाचं होईल. तेव्हा दोष घड्याळाला देऊ नका.