गू, गटार आणि मोबाईलचा पडदा



परवा रात्री आईला मोबाईलवर एक माहितीपट दाखवला. जेमतेम अर्ध्या तासाचा. अमुदन आर. पी. यांनी २००३ साली केलेला 'पी'. तामिळमध्ये पी म्हणजे गू. मदुराईतली एक सफाई कामगार बाई, देवळाजवळची एक गल्ली. लोक तिथं रोज हागून जातात, ही रोज भरते. कॅमेरा तिच्या मागं मागं.

आईची सगळी उमर झाडूत गेली, तीही ठेकेदाराच्या हाताखाली. तामिळ तिला कळत नाही. तरी काही समजावून सांगावं लागलं नाही. संपल्यावर म्हणाली, "ह्यात नवं काय हाय? आन् पिक्चर बघून त्या बाईचं काम सुटलं का?"

दोन सवाल. झोप उडाली.

पहिला घ्या. नवं काय? आपल्या बापांनीही माहितीपट बघितले, थेटरात, मेन पिक्चरच्या आधी. १९४८ साली सरकारनं फिल्म्स डिव्हिजन काढलं. त्याच्या फिती दाखवणं थेटरवाल्यांना सक्तीचं होतं. धरणं, कारखाने, ट्रॅक्टर, आणि वरून भारदस्त आवाज : देश पुढे चालला आहे. आज त्यातल्या कितीतरी फिती फुकट बघता येतात. जरूर बघा. धरण दिसतं. धरणावरच्या मजुरांसाठी संडास होता का, आणि तो कोण साफ करायचं, हे त्या आवाजाला विचारा. तो बोलणार नाही.

'पी'मध्ये ती बाई स्वतः बोलते. नवं असेल तर हेच. जिच्यावर देश बसून हागतो तिला तोंड आहे, हे पडद्यावर आलं.

आणि याचीच सत्तेला भीती वाटते. दिव्या भारती या बाईनं तामिळनाडूभर फिरून 'कक्कूस' केला. कक्कूस म्हणजे संडास. जाहीर खेळांना पोलिसांनी आडकाठी केली, तेव्हा २०१७ साली तिनं तो सरळ इंटरनेटवर टाकला. त्याच वर्षी जुलैत एका जुन्या आंदोलनाच्या २००९ सालच्या केसमध्ये तिला अटक झाली. आठ वर्षं केस झोपली होती. पिक्चर आला नि जागी झाली!

कायदा काय म्हणतो? हातानं मैला उचलायला लावण्याविरुद्धचा कायदा १९९३ सालचा. २०१३ साली आणखी कडक कायदा. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ साली सांगितलं. २०२३ साली त्याचे ३० लाख केले. म्हणजे कायदे झाले, तरी माणसं मरतच राहिली. कोर्टाला मढ्याचा भाव वाढवावा लागला. कागद खोटा बोलतो, हे या फिती दाखवतात.

पण आईचा दुसरा सवाल जास्त बोचरा आहे. काम सुटलं का?

नाही सुटलं. पांढरपेशा माणूस फ्लॅटमध्ये पडल्या पडल्या बघतो, खाली 'अरेरे' लिहितो, रडका चेहरा चिकटवतो आणि फ्लश ओढून झोपतो. आपली पोरंही तेच शिकताहेत. अंगठा दाबला की क्रांती झाली!

उना आठवा. ११ जुलै २०१६. मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना बांधून मारलं. त्याची फीत मारणाऱ्यांनीच काढली आणि मिरवली. लाज नव्हती, माज होता. लाखोंनी ती बघितली. बघून काही झालं नाही. झालं ते सुरेंद्रनगरात, मेलेली जनावरं सरकारी कचेरीपुढं आणून टाकली तेव्हा. तुमची गाय, तुम्हीच उचला! मग ऑगस्टमध्ये अहमदाबादहून उन्यापर्यंत माणसं चालत गेली. फीत पेटली नाही, माणसं पेटली.

म्हणून सांगणं एवढंच. माहितीपट एकट्यानं गोधडीत बघू नका. विहारात, चाळीच्या गच्चीवर चादर बांधा नि वस्तीला दाखवा. दिवा लागला की टाळ्या नकोत, हजेरी घ्या : आपल्यातलं कोण गटारात उतरतं? ठेकेदार कोण? हातमोजे, मास्क मिळतात का? मेला तर कुणाला काय मिळालं? वहीत लिहा. मग ती वही घेऊन वॉर्ड ऑफिसात घुसा. मोबाईल तेव्हा बाहेर काढा आणि साहेबाच्या तोंडापुढं धरा. आजवर कॅमेरा आपल्या घाणीकडं वळला. आता तो घाण करणाऱ्याकडं वळवा.

आईला मी अजून उत्तर दिलेलं नाही. ते एकट्यानं देता येत नाही.

जयभीम.