इंजिन मोठं करण्याआधी पंखा मोजा

नवी वेगवान बोट विकताना दुकानदाराने चावीबरोबर एक कागद द्यायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. इंजिन किती उंचीवर बसवलंय, पंखा (प्रोपेलर) कोणता लावलाय, दोन माणसं आणि भरलेली टाकी घेऊन पूर्ण थ्रॉटलला आरपीएम किती मिळतात आणि जीपीएसवर वेग किती येतो, ही चार उत्तरं त्यावर असावीत. वेग कमी पडतोय म्हणून माणूस परत दुकानात गेला, की त्याला सर्रास एकच सल्ला मिळतो: पुढच्या वेळी मोठं इंजिन घ्या. हा सल्ला महागात पडतो, आणि बऱ्याचदा त्याची गरजही नसते.

मी अमेरिकेत, अलाबामातल्या हंट्सव्हिलला राहतो. पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर. जवळच टेनेसी नदीवरच्या धरणाचा गंटर्सव्हिल तलाव आहे, या राज्यातला सर्वांत मोठा. बास हा मासा गळाला लावायला इथे देशभरातून माणसं येतात, आणि त्यांच्या बोटीही खास त्याच कामाच्या: वीस-एकवीस फूट लांब, बसक्या, फायबरच्या, मागे बहुधा 250 अश्वशक्तीपर्यंतचं आउटबोर्ड इंजिन. मासेमारीच्या स्पर्धेत सकाळी बोटी सुटल्या की जो आधी पोचतो त्याला चांगली जागा मिळते, म्हणून ताशी दोन मैलांसाठीही लोक जिवाचं रान करतात.

पाण्यावर तरंगत घसरणाऱ्या बोटीचा वेग अश्वशक्तीच्या प्रमाणात वाढत नाही. साधारणपणे तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. जॉर्ज क्राउच या नौका-अभियंत्याच्या नावाचं सूत्र हेच सांगतं. 225 ऐवजी 250 अश्वशक्ती घेतली, म्हणजे अकरा टक्के ताकद वाढवली, तरी वेग पाच-साडेपाच टक्केच वाढणार. 68 मैलांचे साधारण साडेएकाहत्तर होतील. जवळजवळ तेवढाच वेग आहे त्या इंजिनातून काढता येतो, हे मी माझ्याच बोटीवर मोजलंय.

पंख्यावर पिचचा आकडा कोरलेला असतो. 25 पिच म्हणजे लाकडात स्क्रू शिरावा तसा पंखा पाण्यात शिरला, तर एका फेऱ्यात 25 इंच पुढे जाईल. माझ्या इंजिनाचा गिअर रेशो 1.75 आहे, म्हणजे इंजिनाचे पावणेदोन फेरे झाले की पंख्याचा एक होतो. माझ्या 25 पिचच्या पंख्याला 5800 आरपीएमला हिशेब येतो ताशी 78.5 मैल. जीपीएस दाखवत होता 68. मधली तेरा टक्के तूट म्हणजे स्लिप. थोडी स्लिप लागतेच, तिच्याशिवाय पंखा रेटा देऊ शकत नाही. पण नीट जुळवलेल्या बास बोटीत ती दहा टक्क्यांच्या आसपास असते. तेरा टक्के दिसले, तेव्हाच कळलं की ताकद इंजिनात भरपूर आहे, ती पाण्यात वाया जातेय.

मग उंची पाहायची. बोटीच्या तळाला मधोमध एक अरुंद सपाट पट्टा असतो, त्याला पॅड म्हणतात. पूर्ण वेगात जवळजवळ सगळी बोट त्या पट्ट्यावर तोललेली असते. पंख्याच्या शाफ्टचा मध्य या पॅडच्या किती खाली आहे, हे माप मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बोट ट्रेलरवर समपातळीत ठेवायची, शाफ्ट पॅडला समांतर होईल इतका ट्रिम, म्हणजे इंजिनाला कल, द्यायचा, पॅडला सरळ पट्टी लावायची आणि टेप धरायची. माझ्या बोटीत हे अंतर सव्वाचार इंच निघालं. इतक्या खाली असलं की गिअरकेसचा मोठा भाग पाण्यात राहतो आणि ओढ वाढते. इंजिन जॅक प्लेटवर, म्हणजे ते वर-खाली करता येणाऱ्या आधारावर, बोटीपासून दहा-बारा इंच मागे टांगलेलं असतं. तळाखालून सुटलेलं पाणी तिथवर पोचेपर्यंत थोडं वर चढतं, म्हणून इंजिनही वर घेता येतं. पाव पाव इंच वर घेत गेलो. दर वेळी तेवढा एकच बदल, आणि वारा-प्रवाहाचा फरक जावा म्हणून जाऊन-येऊन दोन्ही दिशांनी मोजणी. साडेतीन इंचांवर 5850 आरपीएमला 71 मैल मिळाले, स्लिप दहा टक्क्यांवर आली. आणखी वर घेतल्यावर पंखा हवा ओढू लागला: आरपीएम वाढले, वेग तिथेच. शिवाय इंजिन थंड ठेवणारं पाणी ज्या छिद्रांतून आत जातं, ती वर येऊ लागली की पाण्याचा दाब पडतो. त्या गेजवर नजर न ठेवता उंची वाढवणं म्हणजे इंजिन जाळायची तयारी.

पंख्याची निवड त्यानंतर. पिच एक इंचाने कमी केलं की साधारण दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात. माझ्या इंजिनाची पूर्ण थ्रॉटलची मर्यादा 5200 ते 6000. नेहमीच्या वजनात तिच्या वरच्या टोकाजवळ पोचलं की पिच योग्य. तीन पात्यांचा पंखा बहुधा टोकाचा वेग देतो, चार पात्यांचा बोटीचा मागचा भाग उचलून धरतो आणि वळणावर पकड सोडत नाही. माशांची टाकी पाण्याने भरली की शंभर किलो वाढतात, तेही मोजणीत धरावेत.

सत्तर मैलांच्या वेगाला बोट पॅडवर डावी-उजवी डोलू लागते. तेव्हा ट्रिम किंचित खाली घ्यावा, वेग कमी करावा. 1 एप्रिल 2021 पासून इथे 26 फुटांखालच्या बोटींत, वेगात असताना, चालवणाऱ्याने इंजिन बंद करणारी किल-स्विचची दोरी अंगाला अडकवणं कायद्यानेच सक्तीचं आहे. चाचणी रिकाम्या पाण्यावरच करावी. 18 डिसेंबर 2024 ला मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि 15 जीव गेले. हे आठवलं की मला अजून अस्वस्थ व्हायला होतं.

आपल्याकडच्या मालवण-तारकर्लीच्या पर्यटक बोटींना सत्तर मैल नकोतच. पण गर्दीच्या दिवशी बोट भरली की आरपीएम पडतात, इंजिन ओझ्याखाली राबतं, पेट्रोल जास्त जातं. तिथे कमी पिचचा पंखा हवा. जाळी ओढणाऱ्या होडीला तर वेगापेक्षा ओढ महत्त्वाची, म्हणून तिचा पंखा आणखी वेगळा. इंधनाचा खर्च ज्याच्या रोजच्या कमाईतून जातो, त्याला सुरुवातीला सांगितलेल्या त्या कागदाची गरज माझ्यापेक्षा जास्त आहे. विक्रेत्याने दोन-तीन पिचचे पंखे चाचणीसाठी ठेवावेत, गिऱ्हाइकाला बसवून त्याच्याच वजनात बोट पळवून दाखवावी, आकडे लिहून सही करावी. गिऱ्हाइकानेही तो कागद हातात पडेपर्यंत शेवटचे पैसे देऊ नयेत.