हिमालयातील उसने जीवाश्म आणि विद्यापीठांची जबाबदारी

चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातील भूशास्त्राचे प्राध्यापक विश्वजित गुप्ता यांचे प्रकरण १९८९ साली जगासमोर आले. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात ऑस्ट्रेलियातील मॅक्वारी विद्यापीठाचे जॉन टॅलेंट यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात लेख लिहून गुप्ता यांच्या सुमारे पंचवीस वर्षांच्या संशोधनावर थेट आरोप केला. हिमालयात सापडले म्हणून जे जीवाश्म जगाला दाखविले गेले, त्यांपैकी अनेक हिमालयातले नव्हतेच, असा तो आरोप होता. कॉनोडाँट नावाच्या प्राचीन सागरी प्राण्यांचे दातासारखे सूक्ष्म अवशेष अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील ॲम्सडेल क्रीक येथील निघाले. काही अमोनाइट वर्गातील जीवाश्म मोरोक्कोतील एर्फूद परिसरातील, म्हणजे युरोपात दुकानांतून विकत मिळणाऱ्या जातीचे. तीनशेहून अधिक शोधनिबंध आणि शंभराहून अधिक सहलेखक असा हा पसारा होता.

असले प्रकरण ‘एका माणसाची लबाडी’ म्हणून बाजूला सारणे सोपे असते. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. खडकाच्या थराचे वय जीवाश्मांवरून ठरते. एका ठिकाणचे वय ठरले की त्याच्या आधारे शेजारच्या खोऱ्यातील थरांचा क्रम लावला जातो, नकाशे काढले जातात, आणि हिमालय कसा घडला याविषयीचे अनुमान त्यावर उभे राहते. पायाचा दगडच परका असेल तर वरची सगळी इमारत संशयित ठरते. पुढची कित्येक वर्षे अन्य शास्त्रज्ञांना जुने निबंध एकेक तपासून कोणते टाकून द्यायचे हे ठरवीत बसावे लागले. ज्या देशात संशोधनाचा पैसा जनतेच्या करांतून येतो, तेथे हा खर्च कोणाच्या माथी बसला हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

मग पंचवीस वर्षे हे चालले कसे? सहलेखकांची कामाची पद्धत पाहिली की उत्तर मिळते. परदेशातील तज्ज्ञाकडे नमुने पोचत. तो ते ओळखी, वर्णन लिही, आणि निबंधावर त्याचे नाव येई. ज्या टेकडीवरून नमुना आणला म्हणून सांगितले ती टेकडी त्याने कधी पाहिलेली नसे. निबंधात जागेचा उल्लेखही असा मोघम की दुसऱ्या कोणाला तेथे जाऊन पडताळा घेता येऊ नये. श्रमविभागणीतून विज्ञान वाढते हे खरे, पण ज्यात कोणीच संपूर्ण कामाला जबाबदार नाही अशी श्रमविभागणी लबाडीला उत्तम आडोसा ठरते. सहलेखकांपैकी बहुतेक जण प्रामाणिक होते, यात शंका नाही. त्यांनी विचारायला हवा होता तो एकच प्रश्न: हा दगड नेमका कोठून उचलला?

आणि आरोप झाल्यावर काय झाले? टॅलेंट यांनी १९८७ साली कॅनडातील कॅल्गरी येथील परिषदेत गुप्ता यांच्या देखतच हे प्रश्न उभे केले होते. गुप्ता यांच्याच विभागातील अरुणदीप अहलुवालिया यांनीही उघडपणे आवाज उठविला. तरीही विद्यापीठाची चौकशी रेंगाळत राहिली. मध्यंतरी काही काळ निलंबन झाले, निवृत्त न्यायमूर्तींच्या चौकशीत गुप्ता दोषी ठरले, आणि एवढे सगळे होऊनही त्यांची प्राध्यापकी शाबूत राहिली. कारखान्यात चार खिळे चोरल्याचा नुसता संशय आला तर कामगाराला फाटकाबाहेर काढणारी आपली व्यवस्था पदवीधरांच्या बाबतीत एवढी मवाळ कशी होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

२००२ साली कुमाऊँ विद्यापीठात याच्याही पुढची पायरी दिसली. तेथे खुद्द कुलगुरूंच्या नावावरील भौतिकशास्त्राचा निबंध स्टॅनफर्ड विद्यापीठातील रेनाटा कॅलॉश यांच्या निबंधावरून उतरविलेला निघाला. प्रकरण वर काढणाऱ्या विभागप्रमुख प्राध्यापिकेवरच आधी कारवाई झाली! स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी राष्ट्रपतींना पत्र लिहिले, चौकशी समिती बसली, तेव्हा कोठे २००३ साली कुलगुरू पायउतार झाले. बाहेरून पत्र आले नसते तर?

त्यानंतर नियम पुष्कळ झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकाची पद्धत आणली, निबंधागणिक गुण. कापडगिरणीत तागे मोजावेत तसे निबंध मोजले जाऊ लागले. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यालाही प्रबंधापूर्वी निबंध छापणे काही वर्षे सक्तीचे होते. ही अट २०२२ साली गेली. मागणी निर्माण झाली की पुरवठादार येतोच. पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या, अशी नियतकालिके गल्लोगल्ली उगवली. २०१८ साली आयोगाला स्वतःच्याच मान्यताप्राप्त यादीतून चार हजारांहून अधिक नियतकालिके काढून टाकावी लागली, एवढे एक उदाहरण पुरे. त्या नियतकालिकांना पैसे कोणी भरले? तासिका तत्त्वावर, अर्ध्या पगारावर राबणाऱ्या तरुण प्राध्यापकांनी. कायम नेमणुकीच्या आशेने. त्यांना चोर म्हणणे सोपे आहे. ज्यांनी ही शिडी उभी केली त्यांना जाब विचारणे अधिक न्याय्य आहे.

२०१८ सालच्याच वाङ्मयचौर्यविरोधी नियमांत टक्केवारी ठरली आहे. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास शिक्षा नाही, साठ टक्क्यांच्या वर गेल्यास विद्यार्थ्याची नोंदणी रद्द. नियम असावेत, यात वाद नाही. परंतु संगणक शब्दांचे साम्य मोजतो, मोरोक्कोचा दगड त्याला ओळखता येत नाही. घरी बसून भरलेल्या सर्वेक्षणाच्या प्रश्नावल्या, प्रयोगशाळेच्या वहीत नसलेले आकडे, इंग्रजी ग्रंथाचे नाव न सांगता केलेले मराठी किंवा हिंदी भाषांतर – हे सारे त्या टक्केवारीतून सहज निसटते. बनावट पुराव्यांची चौकशी करणारी स्वतंत्र वैधानिक यंत्रणा देशात नाही. १९८६ साली काही शास्त्रज्ञांनी वैज्ञानिक मूल्यांसाठी एक संस्था स्थापन केली, तिने कामही केले, पण तिच्या हाती अधिकार नव्हते.

हा सारा बाजाराचा रोग आहे, असे म्हणून काही पुरोगामी मित्र मोकळे होतात. त्यांनी सोव्हिएत जनुकशास्त्राचा इतिहास नजरेआड करू नये. वाविलोव यांना १९४० साली अटक झाली, १९४३ साली सारातोवच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला, आणि १९४८ साली कृषिविज्ञान अकादमीच्या अधिवेशनात लिसेंको यांचा सिद्धांत अधिकृत ठरला. तेथे नफा नव्हता. पण पुराव्यापेक्षा पद मोठे झाले होते, आणि प्रश्न विचारणे हा गुन्हा ठरला होता. चंडीगड आणि नैनीतालशी तुलना करताना फरक प्रचंड आहे, परंतु तक्रार करणाऱ्याची जी अवस्था होते तिच्यात साम्य आहे.

म्हणून अध्यापक आणि संशोधक विद्यार्थ्यांच्या संघटनांपुढील काम स्पष्ट आहे. मूळ नमुने, क्षेत्रकार्याच्या वह्या आणि कच्ची आकडेवारी विभागाच्या संग्रहात जमा करणे व मागेल त्याला पाहू देणे, ही मागणी प्रत्येक विद्यापीठात लावून धरली पाहिजे. चौकशी समितीवर त्याच विद्यापीठाचे पदाधिकारी असू नयेत, आणि तिला मुदत असावी. बढती निबंधांच्या संख्येवर नको, निवडक दोन-चार कामांच्या प्रत्यक्ष वाचनावर हवी. याहून अवघड गोष्ट संघटनांच्या स्वतःच्या घरातली आहे. आरोपी आपला सभासद असेल तर संघटना त्याच्यामागे उभी राहते, आणि तक्रार करणारी संशोधक विद्यार्थिनी मात्र एकटी पडते. मार्गदर्शकाच्या सहीवाचून तिची शिष्यवृत्ती अडते, प्रबंध अडतो. आरोपीला बाजू मांडण्याची पूर्ण संधी मिळवून देणे हे संघटनेचे कर्तव्य आहेच. परंतु चौकशी संपेपर्यंत त्या विद्यार्थिनीला दुसरा मार्गदर्शक आणि अखंड शिष्यवृत्ती मिळावी, यासाठी कुलगुरूंच्या दारात पहिले शिष्टमंडळ संघटनेचेच गेले पाहिजे.