पुरात गावाचे बेट होते, तेव्हा आपली वस्ती कुठे असते?

पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ हे कृष्णा आणि येरळेच्या संगमावरचे गाव. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ते चहूबाजूंनी वेढले गेले, अक्षरशः बेट झाले. ८ ऑगस्टला लोकांना बाहेर काढताना बोट उलटली आणि अनेकांचे जीव गेले.

हे संकट निव्वळ नैसर्गिक नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुका मात्र दुष्काळी. घाटावरचे पाणी कराडवरून सांगलीत उतरते. खोरे एकच, पण कोयना धरण महाराष्ट्राच्या आणि अलमट्टी कर्नाटकच्या हाती. पूर अलमट्टीच्या फुगवट्यामुळे येतो की नाही, यावर दोन्ही राज्यांत वाद चालतो. त्या वादात नदीकाठचा भूमिहीन माणूस कुठेच नसतो.

बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना (१९४२-४६) दामोदर नदीसाठी प्रांतांच्या सीमा ओलांडून संपूर्ण खोऱ्याचे एकत्र नियोजन मांडले. कृष्णेलाही तीच दृष्टी हवी.

गावकुसाबाहेर ढकललेल्या आपल्या अनेक वस्त्या आजही सखल जागी आहेत. म्हणून तरुणांनी १ मेच्या ग्रामसभेत लेखी मागणी करावी: वस्ती पूररेषेत आहे का ते सांगा, बोट आणि निवाऱ्याची जागा पावसाळ्याआधी ठरवा, पंचनाम्यात भाडेकरू व शेतमजुरांची नावे घ्या आणि पुनर्वसन गावठाणातच करा. उंचावरची नवी वस्तीही गावाबाहेरच बसवली, तर पाणी ओसरेल, बेट तसेच राहील.