वार

कऱ्हाडपासून मिरजेपर्यंतच्या कृष्णाकाठच्या गावांतून बाळंतपणानंतर जी वार घरामागे निमूटपणे पुरली जाई, ती सुमारे अर्धा किलो वजनाची वस्तू म्हणजे, माता व गर्भ यांचे रक्त परस्परांत मिसळू न देता, प्राणवायू, अन्न आणि मातेची रोगप्रतिकारक द्रव्ये आत घेणारी व त्याज्य अंश बाहेर धाडणारी, अहोरात्र जागी अशी जकातचौकीच होय. परंतु या चौकीला सारेच अडविता येत नाही: आपल्याकडे गरोदर स्त्रियाही हिरड्यांना जी तंबाखूची मिश्री लावतात, तिच्यातील निकोटीन विनादिक्कत गर्भापर्यंत पोचते, आणि मूल कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. सातारा-सांगलीकडील सासवांनी, कारण मिश्रीची डबी बहुधा त्यांच्याच हातून सुनेकडे येते, हा मजकूर प्रथम वाचावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.